मदत हवी आहे : ऑनलाईन समुपदेशनाचं पहिलं सेशन परवा आहे

खानापूरकर_७
परवा संध्याकाळी ६ ची वेळ घेतलीय, पैसेही भरले. आता भलामोठा फॉर्म आलाय. झोप, भूक, जीव नकोसा वाटतो का, असलं सगळं विचारलंय. हे कशाला हवं? आणि नेमकं काय होणार तिथं? फॉर्म आज रात्रीच द्यायचाय, लवकर सांगा.

टिळकवाडी_लायब्ररी
व्हिडिओ की नुसता फोन? समुपदेशक, सायकॉलॉजिस्ट की सायकियाट्रिस्ट? बोलणं कुठल्या भाषेत? एवढं तरी लिहा की.

खानापूरकर_७
व्हिडिओ. मॅडम पुण्याच्या, मराठीच. प्रोफाइलवर 'थेरपिस्ट' एवढंच आहे.

वडगाव_मनमोकळं
'थेरपिस्ट' कुणीही लावतं. शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक असतो, तो मागायला संकोच नको. समुपदेशकाला गोळ्या लिहिता येत नाहीत, ते काम सायकियाट्रिस्ट डॉक्टरचं.

फॉर्ममध्ये मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतील तर तो पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्याची लक्षणं मोजायची प्रश्नावली. प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याचा, तो सगळ्यांनाच असतो. तिथं खोटं '०' लिहू नका, त्यावरूनच किती सावध राहायचं ते ठरतं. नुसत्या आकड्यावरून आजार ठरत नाही. काही आठवड्यांनी तोच फॉर्म पुन्हा भरून फरक बघतात. इंग्रजी आला असेल तर मराठी मागा, मराठी-कन्नड दोन्हींत आहे.

सेशन ४५-५० मिनिटांचं. सुरुवातीला गोपनीयतेचं सांगतील: जिवाला धोका, लहान मुलावर अत्याचार किंवा कोर्टाचा आदेश असेल तरच गोष्ट बाहेर जाते. मग घर, काम, झोप, आधीची औषधं, हेच विचारतील. पहिल्या दिवशी उपाय फारसा मिळत नाही, आणि इथंच बरेच जण सोडून देतात. तीन-चार सेशन तरी द्या.

निपाणी_मास्तर
फॉर्म बाजूला ठेवा. पहाटे वीस मिनिटं अनुलोम-विलोम, मन आपोआप थाऱ्यावर येतं.

वडगाव_मनमोकळं
मास्तर, प्राणायाम जरूर करू दे. पण झोप उडाली, जेवण सुटलं असेल तर तेवढ्यावर थांबणं बरोबर नाही. उद्या कुणी तेवढंच ऐकून अपॉइंटमेंट रद्द करेल, याची काळजी वाटते.

शहापूर_नेटवाला
मुख्य अडचण खोलीची. घरात सहा माणसं आणि दार उघडं असलं की माणूस 'ठीक आहे' एवढंच बोलतो. दार लावा, इअरफोन घाला, टेबलफॅन माईकपासून लांब ठेवा. जागाच नसेल तर उभी असलेली गाडी चालते. व्हॉट्सअ‍ॅपचं प्रिव्ह्यू बंद करा, नाहीतर लिंक आलेली सगळ्यांना दिसते. पैसे घरच्या सामाईक खात्यातून भरले तर पासबुकात नाव उमटतं. व्हिडिओला अर्धा-एक जीबी डेटा धरा. लाईट गेली तर वायफायही जातं, म्हणून मोबाईल डेटा चालू ठेवा आणि कॉल तुटला तर कुणी कुणाला फोन करायचा ते आधीच ठरवा. माझं मत, खानापूर भागात पावसात सरळ ऑडिओच घ्या.

टिळकवाडी_लायब्ररी
पहिलं तरी व्हिडिओवरच व्हावं. डोळे खाली गेले, हात चोळले, हे ऑडिओत कळत नाही. अडकलं तर मग ऑडिओवर या.

कॅम्प_विमा
२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीला मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यावं लागतं. पण बहुतेक पॉलिसीत ओपीडी समुपदेशन बसत नाही. पावती ठेवा.

वडगाव_मनमोकळं
विम्याचं कुणी विचारलेलं नाही. खानापूरकर, वय किती? आणि फॉर्ममध्ये तातडीचा संपर्क कुणाचा घातलाय?

खानापूरकर_७
माझाच. सेशन बहिणीचं आहे, २४ वर्षांची. तिला अजून सांगितलं नाही. आयत्या वेळी समोर बसवलं की बोलेल असं वाटलं.

वडगाव_मनमोकळं
हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. ती सज्ञान आहे, संमती तिचीच लागते. तुम्ही भरलेल्या पीएचक्यूला अर्थ नाही, 'मागच्या दोन आठवड्यांत' तिला काय वाटलं ते तिलाच माहीत. आयत्या वेळी कॅमेऱ्यासमोर बसवलंत तर ती गप्प राहील आणि पुढं कायमची नाही म्हणेल.

आज तिला एवढंच विचारा : 'तुझी झोप होत नाही असं दिसतंय. एका मॅडमशी बोलशील का? मी खोलीत नसेन.' नाही म्हणाली तर ती वेळ तुम्ही घ्या, घरच्यांनी काय करावं ते विचारायला. मॅडमना तसं आधी कळवा. तिच्या बोलण्यात मरणाची भाषा आली तर परवाची वाट बघू नका, टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईन, १४४१६ लावा. फुकट आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीही निवडता येते. तिला एकटीला सोडू नका.

खानापूरकर_७
जेवणानंतर विचारतो. फॉर्मची लिंक तिच्या मोबाईलवर पाठवू ना?

वडगाव_मनमोकळं
होय, ती हो म्हणाल्यावर. तुम्ही भरलेलं आधी पुसा. वेळ बदलायची तर बहुतेक ठिकाणी २४ तास आधी सांगावं लागतं, म्हणजे उद्या ६ च्या आत.