बीएमएक्स शर्यतीतील कारकीर्द : मुलीला पूर्णवेळ उतरू द्यावे का?

कृष्णाकाठ (मूळ प्रश्न)

नमस्कार. आम्ही मूळचे सांगलीचे असून गेली अकरा वर्षे सिडनीच्या दक्षिणेकडील भागात राहतो. आमची मुलगी नऊ वर्षांची असताना शेजारच्या मुलांबरोबर बीएमएक्सच्या (उंचसखल ट्रॅकवरील छोट्या सायकलींच्या शर्यतीच्या) ट्रॅकवर जाऊ लागली. आता ती सोळा वर्षांची आहे, आठवड्यातून चार दिवस सराव करते, राज्यस्तरीय स्पर्धांत अंतिम फेरीपर्यंत पोहोचते, आणि बारावीनंतर लगेच विद्यापीठात न जाता चार वर्षे केवळ शर्यतींना द्यायची, असे तिने आम्हाला शांतपणे सांगितले आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली साया साकाकिबारा हिने ऑस्ट्रेलियाला बीएमएक्स शर्यतीतील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले, तेव्हापासून हा विचार तिच्या मनात पक्का झाला आहे.

आमच्या दोन्ही घराण्यांत खेळावर पोट भरणारे कोणी नाही. डॉक्टर, शिक्षक, बँकेतील नोकरदार यांची वाटचाल कशी असते हे आम्हाला ठाऊक आहे. या खेळाडूची वाटचाल कशी असते, ती किती वर्षे चालते आणि तिचा खर्च कोण उचलतो, हे ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय हा प्रश्न पूर्ण होणार नाही. गेल्या हिवाळ्यात एका स्थानिक स्पर्धेत ती पहिल्या फेरीत पडली आणि तिचे डोके जमिनीवर आपटले. तेथील जबाबदार व्यक्तीने दोन-चार प्रश्न विचारून तिला दुपारच्या फेरीत पुन्हा उतरू दिले, आणि त्या फेरीत ती दुसऱ्यांदा पडून तिचे कॉलरबोन मोडले. हाड सहा आठवड्यांत जुळले, परंतु डोकेदुखी त्याहून अधिक काळ राहिली. मी तेव्हा कुंपणापाशी उभी होते आणि मी काहीही बोलले नाही, याची टोचणी मला अजून आहे. जाणकारांनी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

पायवाट

ताई, मी नेदरलँड्समध्ये आर्नेमजवळ राहतो आणि व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. येथील पापेन्डाल या राष्ट्रीय क्रीडा केंद्रात बीएमएक्सचा मोठा ट्रॅक असल्यामुळे हा खेळ मी बराच जवळून पाहिला आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आधी शर्यतीचे स्वरूप पाहू, कारण या खेळातील कारकिर्दीचा आकार त्यातूनच ठरतो.

आठ स्वार एका गेटवर पुढचे चाक टेकवून, दोन्ही पाय पेडलवर ठेवून तोल सांभाळत उभे असतात. ध्वनिमुद्रित सूचना संपल्यानंतर ०.१ ते २.७ सेकंदांच्या दरम्यान केव्हाही दिवे लागू शकतात, म्हणजे अंदाजाने निघण्याची सोयच ठेवलेली नाही. गेट पडते आणि आठ मीटर उंचीच्या उतारावरून स्वार खाली येतात. वरिष्ठ गटातील पुरुष तेथे ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेग घेतात. (आपली मुलगी आतापर्यंत बहुधा पाच मीटरच्या टेकडीवरून सुटत असेल. या दोन टेकड्यांमधला फरक प्रत्यक्ष वर उभे राहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून आपणही एकदा तेथे उभे राहून खाली पाहावे, असे मला मनापासून वाटते.) त्यानंतर सुमारे चारशे मीटरचा मार्ग, उंचवटे, उड्या, तीन-चार बांधीव वळणे, आणि चाळीस सेकंदांच्या आसपास सारे संपते. वीस इंची चाके, एकच गिअर, फक्त मागचा ब्रेक, आणि सीट जवळजवळ नावापुरती, कारण शर्यतीत त्यावर कोणी बसत नाही.

पहिल्या वळणावर जो पुढे असतो त्याला मार्ग मोकळा मिळतो आणि मागच्यांना गर्दीतून वाट काढावी लागते. त्यामुळे सरावाचा मोठा भाग सुटण्यावरच खर्च होतो : वजने उचलून मांड्या आणि पाठ घडवणे, गेटवरून शेकडो वेळा सुटणे, पहिल्या पाच-सहा पेडलांची लय बसवणे. आपल्या मुलीचे कौशल्य उड्यांमध्ये आहे की सुटण्यामध्ये, हे तिच्या प्रशिक्षकांना अवश्य विचारावे. उड्या शिकवता येतात. स्फोटक ताकद मात्र बऱ्याच अंशी उपजत असते.

कारकिर्दीच्या लांबीबद्दल आपली समजूत थोडी बदलावी लागेल. हा केवळ विशीतल्या मुलांचा खेळ राहिलेला नाही. फ्रान्सचा जोरिस दोदे २०११ साली विश्वविजेता झाला, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उतरला, आणि सुवर्णपदक त्याला मिळाले ते २०२४ साली पॅरिसमध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. कोलंबियाच्या मारियाना पाहोनने २०१२ आणि २०१६ अशी दोन सुवर्णपदके जिंकली, २०१८ साली गुडघ्याचा अस्थिबंध तुटल्यावर महिनोन्‌महिने पुनर्वसन केले आणि तरीही टोकियोत रौप्यपदक मिळवले. तेथे तिच्यात आणि विजेतीत केवळ ०.०९ सेकंदांचे अंतर होते. म्हणून चार वर्षांचा हिशेब मला अपुरा वाटतो. अठराव्या वर्षी कनिष्ठ गटातून बाहेर पडणारी मुलगी वरिष्ठांमध्ये स्थिरावण्यातच चार वर्षे घालवू शकते, आणि नेमके त्याच टप्प्यावर पुष्कळ जण खेळ सोडतात, कारण तोवर सतत जिंकण्याची सवय झालेली असते आणि आता पहिल्याच फेरीत बाहेर पडण्याची सवय करावी लागते.

टेम्सकाठचा_पुणेकर

कृष्णाकाठ ताई, मी खर्चाबद्दल लिहितो, कारण आमचा मुलगा अठराव्या वर्षापर्यंत इंग्लंडमध्ये बीएमएक्स शर्यती खेळला आणि तो हिशेब मी स्वतः ठेवत असे. सायकल महाग असते हे खरे, परंतु घर पोखरतो तो प्रवास. जवळपास प्रत्येक शनिवार-रविवारी गाडीत सायकली घालून दोन-तीनशे किलोमीटर जाणे, मुक्काम, प्रवेशशुल्क, मोडलेले सुटे भाग, आणि पुढे युरोपातील स्पर्धा. जिंकल्यावर मिळणाऱ्या बक्षिसांतून हे भरून निघेल, अशी आशा आपण ठेवू नये. उत्पन्न येते ते मुख्यतः राष्ट्रीय संघटनेच्या मदतीतून, सायकल बनवणाऱ्या कंपन्यांच्या पाठबळातून आणि पुढे प्रशिक्षण देण्यातून.

ही मदत किती अस्थिर असते याचे उदाहरण आमच्याच देशात घडले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकनंतर ब्रिटनमध्ये महिलांच्या बीएमएक्स शर्यतीचा सरकारी निधी बंद झाला. बेथनी श्रीव्हर तेव्हा जेमतेम वीस वर्षांचीही नव्हती. ती लहान मुलांच्या शाळेत साहाय्यक म्हणून काम करू लागली, आणि टोकियोच्या पात्रता स्पर्धांचा खर्च भागवण्यासाठी तिने लोकांकडे जाहीरपणे वर्गणी मागितली. पुढे तिला पुन्हा राष्ट्रीय कार्यक्रमात घेण्यात आले, आणि ३० जुलै २०२१ रोजी टोकियोत तिने पाहोनला मागे टाकून सुवर्णपदक जिंकले. शर्यत संपल्यावर तिच्या पायांत उभे राहण्याइतकेही बळ उरले नव्हते. त्याच दिवशी पुरुषांमध्ये रौप्यपदक जिंकलेल्या काय व्हाइट (Kye Whyte) या ब्रिटिश खेळाडूने तिला उचलून घेतले. ते दृश्य आठवले की आजही माझे डोळे भरून येतात.

ही गोष्ट सांगताना दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. हीच श्रीव्हर पॅरिसमध्ये अंतिम फेरीपर्यंतच्या सर्व शर्यती जिंकली आणि अंतिम शर्यतीत आठवी आली. चाळीस सेकंदांत असे होऊ शकते, आणि पुढची संधी चार वर्षांनी असते.

आमच्या मुलाने अठराव्या वर्षी स्वतःहून थांबण्याचा निर्णय घेतला आणि आता तो अभियांत्रिकी शिकतो. ती वर्षे वाया गेली असे आम्हा कोणालाच वाटत नाही. शिवाय या खेळातून बाहेर पडणारी वाट केवळ वर्गाकडेच जाते असेही नाही. ब्रिटनचा जेमी स्टाफ बीएमएक्समधून ट्रॅक सायकलिंगकडे वळला आणि २००८ साली बीजिंगमध्ये सांघिक स्प्रिंटचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होता. सुटण्याची ताकद तेथेही तितकीच मोलाची असते.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. पायवाट, आपले उत्तर मी मुलीला वाचून दाखवले. पाच मीटर आणि आठ मीटर हा मजकूर ऐकून ती हसली आणि म्हणाली की हे बरोबर आहे, पहिल्यांदा वर गेले तेव्हा मी सायकल घेऊन जिन्याने खाली आले होते. हे तिने आम्हाला त्या वेळी सांगितले नव्हते.

आता डोक्याच्या दुखापतीविषयी स्पष्ट लिहाल का? तिचे वडील म्हणतात की हाड मोडणे मी सहन करीन, परंतु दुसऱ्या गोष्टीसाठी मी तयार नाही. ती म्हणते की साया परत आली ना.

पायवाट

ताई, यात गुळमुळीत लिहिणे हा आपल्या मुलीवर अन्याय होईल.

साया परत आली, हे खरे आहे. परंतु त्या घराची पूर्ण हकिकत आपल्या मुलीने जाणून घेतली पाहिजे. सायाचा मोठा भाऊ काई साकाकिबारा हाही टोकियोसाठी तयारी करत होता. फेब्रुवारी २०२० मध्ये बॅथर्स्ट येथील विश्वचषक स्पर्धेत तो पडला आणि त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली. अनेक महिने तो रुग्णालयात होता. चालणे आणि बोलणे त्याला नव्याने शिकावे लागले. पुढच्या वर्षी टोकियोच्या उपान्त्य फेरीत साया स्वतः पडली. त्यानंतरही मेंदूला हादरे बसल्यामुळे तिने खेळ सोडण्याचा गंभीर विचार केला होता, आणि हे तिने जाहीरपणे सांगितले आहे. पॅरिसचे सुवर्णपदक या सगळ्यानंतरचे आहे.

टोकियोतील त्याच दिवशी रिओचा विजेता, अमेरिकेचा कॉनर फील्ड्स, उपान्त्य फेरीच्या तिसऱ्या शर्यतीत पहिल्याच वळणावर पडला. आधीच्या दोन शर्यतींच्या गुणांवर तो अंतिम फेरीसाठी पात्र ठरला होता, पण तोवर त्याला रुग्णालयात नेले होते : मेंदूत रक्तस्राव, मोडलेली बरगडी, निकामी झालेले फुप्फुस. तो बरा झाला, परंतु स्पर्धात्मक शर्यतीत परतला नाही. आणि ऑस्ट्रेलियाचाच सॅम विलोबी, लंडनचा रौप्यपदक विजेता आणि दोनदा विश्वविजेता, सप्टेंबर २०१६ मध्ये सरावात पडला. मानेच्या मणक्यांना झालेल्या इजेमुळे त्याची चाल गेली. पुढे तो आपली पत्नी ॲलिस विलोबी हिचा प्रशिक्षक झाला, आणि तीही याच खेळातली. ही माणसे या खेळावर इतके प्रेम करतात. माझे म्हणणे एवढेच की, त्या प्रेमाची किंमत सोळाव्या वर्षी नीट माहीत असावी.

आता व्यवहाराचे. डोके आपटल्याचा संशय जरी आला, तरी त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसायचे नाही, याला अपवाद नाही. हादरा बसलेल्या मेंदूची प्रतिक्रिया मंदावलेली असते, तोल बिघडलेला असतो, आणि म्हणूनच दुसरे पडणे घडते. आपल्या मुलीच्या बाबतीत बहुधा हेच घडले असावे. पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, मग चालणे, मग स्थिर सायकल, मग सपाट रस्ता, मग ट्रॅकवर एकटीने, आणि गेटवर इतर सात जणांबरोबर उभे राहणे सर्वांत शेवटी, डॉक्टरांनी लेखी मुभा दिल्यानंतरच. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्यावा, आणि लक्षणे वाढली तर एक पायरी मागे यावे. डोकेदुखी सहा आठवड्यांहून अधिक टिकली असेल तर मेंदूच्या हादऱ्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडून तिची एकदा तपासणी करून घ्या, आज ती पूर्ण बरी वाटत असली तरीही.

आणि ताई, कुंपणापाशी आपण गप्प राहिलात, कारण थांबवण्याचा अधिकार आपला आहे की नाही हे त्या क्षणी ठरलेले नव्हते. ते आधीच ठरवून ठेवा. मुलगी, आई-वडील आणि प्रशिक्षक यांनी एकत्र बसून लिहून काढावे की डोक्याला मार लागल्यावर कोणाचा शब्द अखेरचा. तो शब्द खुद्द स्वाराचा नसावा, कारण तिला त्या वेळी शर्यतीशिवाय काहीच दिसत नसते.

कृष्णाकाठ

काल रात्री आम्ही तिघे जेवणानंतर बसलो होतो. काई साकाकिबाराची हकिकत तिला आधीपासून पूर्ण माहीत होती, आम्हालाच नव्हती. आमच्याशी ती त्यावर का बोलली नाही, असे विचारल्यावर ती म्हणाली, "तुम्ही लगेच सायकल विकली असती." तिच्या वडिलांनी यावर काही वेळाने मान्य केले की, कदाचित खरेच विकली असती.

डोक्याच्या बाबतीत अखेरचा शब्द आईचा, असे तिने स्वतः वहीत लिहून सही केली आहे, आणि प्रशिक्षकांची सही ती शनिवारी घेणार आहे. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातील मिळाली आहे. विद्यापीठाचा प्रश्न सुटलेला नाही. अर्धवेळ अभ्यासक्रम आणि शर्यती एकत्र कशा चालतात, याची ती दोन ठिकाणी चौकशी करणार आहे. शनिवारी मी तिच्याबरोबर आठ मीटरच्या टेकडीवर चढणार आहे.