ऑक्टोबरातली कॅरव्हॅन : आमचा अनुभव

वर विचारलंय की ऑक्टोबरात लहान मुलांना घेऊन स्कॉटलंडला कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, नेणं म्हणजे कुडकुडणंच का. आम्ही दोनदा तिथल्या केर्नगॉर्म्सच्या डोंगरांत गेलोय, लॉख मॉर्लिख या तळ्याच्या काठी. थंडी असते, पण आत हीटर असतो. खरी अडचण गॅसची. पहिल्या वर्षी मी निळा सिलिंडर, म्हणजे ब्युटेन, घेऊन गेलो. पारा शून्याजवळ आला की ब्युटेनची वाफच होत नाही! सकाळी चहाचं आधण काही तापेना आणि बायकोने माझ्याकडे जे पाहिलं... असो. लाल, प्रोपेनचाच घ्या, तो उणे चाळीसलाही चालतो.

कॅरव्हॅन ओढताना दुभाजक नसलेल्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी 50 मैल आहे, त्यामुळे तिकडे जाणाऱ्या ए9 महामार्गावर मागे रांग लागते. अधूनमधून ले-बायमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या थांब्यात, थांबून लोकांना पुढे जाऊ द्यावं. आणि स्कॉटलंडमध्ये मोकळ्या रानात फिरण्याचा, मुक्काम करण्याचा जो हक्क आहे तो पायी किंवा सायकलने जाणाऱ्यांना, गाडीला नाही. तेव्हा कॅरव्हॅन लावायची जागा आधी बुक कराच.

करायचं काय? फारसं काही नाही, तेच तर हवं होतं. बर्चची पानं पिवळीजर्द झालेली, तळ्याकाठी चक्क वाळू. सहाच्या सुमारास अंधार, मग पिठलं-भात आणि पत्ते. हा सांबराच्या भाऊबंदांचा, रेड डिअरचा, माजाचा काळ. रात्री डोंगरातून नरांच्या डरकाळ्या येतात. पहिल्या रात्री लेक दचकून उठली, म्हणे, "बाबा, इथे म्हैस कुठून आली?"