शेक निम्म्याहून जास्त झाले असताना परत एमआरआय कशाला?

बावड्याची सून
आमच्या आत्तींना (सासूबाई, वय ५८) गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, स्टेज २बी. २५ शेकांपैकी (रेडिएशन) १८ झाले, दर सोमवारी सिस्प्लॅटिनचं, म्हणजे केमोचं सलाईन. काल डॉक्टर म्हणाले, पुढच्या आठवड्यात परत एमआरआय करून आणा. झालं, घरात कुजबुज सुरू. जाऊबाई म्हणतात आजार पसरला असणार. मामंजी म्हणतात, बिल वाढवायचे धंदे. आत्तींचं वेगळंच: परत जोडवी काढायची काय? मागल्या वेळी साबण लावून लावून निघाली. लग्नापासनं हलली नव्हती.

मला विचारायचंय ते एवढंच, या फोटोवरनं त्या बऱ्या होणार का नाही हे कळतं का? दवाखान्यात विचारावं तर मागं वीस पेशंट उभे.

लिनॅकवाला
वहिनी, मी शेकाच्या मशिनवर असतो, डॉक्टर नाही. पसरलाय म्हणून फोटो काढतात असं नाही. बाहेरचे शेक संपत आले की आतला शेक असतो, ब्रॅकी. गर्भाशयात नळी बसवून अगदी जवळनं डोस. पुढं लघवीची पिशवी, मागं गुदाशय, दोन्ही चिकटून. म्हणून गाठ पहिल्या दिवशी केवढी होती त्यापेक्षा आज केवढी उरलीय आणि कुठल्या बाजूला, ते बघावं लागतं. सीटीत ते नीट उठत नाही, एमआरआयमध्ये दिसतं.

अंदाजाचं म्हणाल तर, गाठ झपाट्यानं आटली तर चांगलंच. रिपोर्टात 'एडीसी' असा आकडा असेल. कॅन्सरच्या पेशी दाटीवाटीनं असतात, मधल्या पाण्याला हलायला जागा नसते, आकडा कमी येतो. पेशी मरायला लागल्या की तो वाढतो, कधीकधी गाठ लहान व्हायच्या आधीच. पण मशिन बदललं की आकडा बदलतो. त्या एकट्यावर कुणी भविष्य सांगत नाही. जमलं तर पहिल्याच सेंटरला करा, जुनी सीडी न्या. आणि एमआरआयचा लाईट (शेकासारखी किरणं) बसत नाही, ते चुंबक आहे.

इचलकरंजीची माई
माझ्या बहिणीच्या मधल्या फोटोत गाठ बरीच उरलेली. आम्ही रडून घेतलं. आतले शेक झाले, तीन महिन्यांनी पेट स्कॅन (जिवंत कॅन्सर असेल तिथं चमकतं तो) केला, स्वच्छ. पण एक चूक केली होती, जोतिबाच्या यात्रेपायी चार शेक बुडवले. डॉक्टरांनी उभं-आडवं झापलं!

लिनॅकवाला
झापणारच. आतबाहेरचं सगळं मिळून ५६ दिवसांत संपवायचं असतं, लांबलं की गाठीला सवड मिळते. पेटचं माई म्हणतात ते बरोबर. २००७ साली अमेरिकेत ९२ बायकांचा अभ्यास छापून आला. तीन महिन्यांनंतरचा पेट ज्यांचा स्वच्छ, त्यातल्या ७८ टक्के तीन वर्षांनीही आजार न उलटता होत्या. मधल्या एमआरआयपेक्षा तो जास्त बोलतो. घाई करून लवकर काढू नका, शेकाची सूजही त्यात चमकते.

बावड्याची सून
काल करून आणला. ५.४ सेंटिमीटरची गाठ २.६ वर आलीय. मामंजींनी रिपोर्ट दोनदा वाचायला लावला, बिलाचं नाव काढलं नाही. हिमोग्लोबिन ९.२ आहे म्हणून रक्त चढवायचंय, आतला शेक त्यानंतर. जोडवी डब्यात ठेवलीत. आत्ती म्हणाल्या, सगळं संपेस्तोवर घालतच नाही, सारखा साबण कोण लावणार?