ऑक्टाव्हिया आरएसला मागचा स्वे बार टाकला, आता उजवीकडून टकटक. बार बदलू का?

आरएस_धरमपेठ:
नमस्कार मंडळी. गाडी ऑक्टाव्हिया आरएस २३०, २०१७ ची. मागे २४ मिमीचा अ‍ॅडजस्टेबल स्वे बार (वळणात गाडी झुकू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पोलादी सळई) टाकला आहे, सोबत बार धरणारे पॉलीयुरेथेनचे बूश आणि बारची टोकं चाकांकडे जोडणाऱ्या, लांबी कमीजास्त होणाऱ्या लिंक, सगळं सेकंडहँड, पुण्यातल्या एकानं गाडी विकायच्या आधी काढून ठेवलं होतं ते घेतलं. इथं नागपूरला कामठी रोडच्या एका गॅरेजमधे बसवला. वळणावर गाडी एकदम वेगळी वाटते, पहिले स्टिअरिंग वळवलं तरी गाडी कमी वळून नाक बाहेर जायचं ते आता जात नाही, त्याबद्दल तक्रारच नाही. पण मागून उजव्या बाजूनं टक् टक् येऊन राहिलं. सिमेंट रोडच्या जॉइंटवर येत नाही, गल्लीत गट्टूवर (पेव्हर ब्लॉकवर) आणि एक चाक खड्ड्यात गेलं की येते, २०-३० च्या स्पीडला जास्त. गॅरेजवाला म्हणते पॉलीबूश म्हटलं की आवाज येणारच, सवय होऊन जाईल. मला काही सवय होऊन नाही राहिली आणि बायकोला तर बिलकुलच नाही.

तर हा बार काढून नवीन ब्रँडेड घेऊ का, फक्त लिंक बदलू, की पुढचा पण जाड टाकला तर बॅलन्स होईल? बजेट १५ हजार, मजुरी धरून. त्याच्या वर जमणार नाही, प्लीज.

टर्बो_सावजी:
१५ हजारात तं या गाडीचे दोन टायर येत नाही भाऊ. बार-बिर सोड, सरळ कॉइलओव्हर (उंची कमीजास्त होणारे स्प्रिंग-शॉकअप) टाक. मी मागच्या दिवाळीले टाकले, फिटिंगसकट दीड लाख गेले, पण गाडी अशी चिपकून चालते का विचारू नको. ये एकदा फुटाळ्याले, बसवून फिरवतो.

डिझेलकाका:
दीड लाख!! माझी इनोव्हा दोन लाख किलोमीटर पार करून बसली आहे, जंपिंग रॉड (तुमची ती बारची लिंक) सोडला तर खाली हात लावला नाही. कंपनीनं जे दिलं ते विचार करूनच दिलं असते ना. तुम्ही पोरं चांगली गाडी खोलता आन् मग विचारत फिरता.

टॉर्क_कोथरूड:
आधी टायर कुठले आहेत आणि किती जुने ते सांगा. टायर कडक झाले असतील तर बार वगैरे सगळं व्यर्थ आहे. अलाइनमेंट केलंत का? आणि एक प्रामाणिक शंका, रागावू नका, नागपुरात वळणं आहेत कुठे? ताम्हिणी घाट उतरताना स्वे बारचा उपयोग कळतो, तुमच्याकडे समृद्धीवर स्टिअरिंग सरळ धरलं की थेट शिर्डी.

सेमिनरी_हिल्स_वाला:
शिर्डीपर्यंत २०२२ च्या डिसेंबरात होता भाऊ, जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू आहे, बातम्या वाचत जा. आणि वळणं पाहायची असतील तर परतवाड्याहून चिखलदऱ्याले चढून दाखव, तेही पावसाळ्यात धुकं असताना. आमच्याकडे वळणं नाही म्हणे. ताम्हिणी ताम्हिणी करत बसतात, रविवारी तिथं गाडी पहिल्या गियरच्या वर जात नाही.

टॉर्क_कोथरूड:
मी रविवारी जातच नाही.

तेराचा_पाना:
कॉइलओव्हर आणि ताम्हिणी झालं असेल तर आवाजाकडे येऊ का? अर्धं उत्तर धागा काढणाऱ्यानंच लिहून ठेवलं आहे, कोणी वाचलं नाही. सिमेंट रोडच्या जॉइंटवर मागची दोन्ही चाकं एकदमच वरखाली होतात, तेव्हा बार बूशमधे नुसता फिरतो, पिळला जात नाही, लिंकवर जोर फार येत नाही. गट्टूवर किंवा एकच चाक खड्ड्यात गेलं की बार पिळतो, लिंक एकदा ओढली जाते एकदा दाबली जाते, तिथे थोडासा जरी खेळ असला की टक्. बूश कोरडा असला तर तो टक् करत नाही, कुरकुरतो. म्हणून गॅरेजवाल्याची पॉलीबूशची गोष्ट मला पटत नाही. माझा संशय लिंकवर.

खात्री करायची असेल तर एक रुपया लागत नाही. दोन्ही बाजूच्या लिंक बारपासून सोडा, बार कुठे ठोकणार नाही असा वर बांधून ठेवा आणि त्याच गल्लीत त्याच स्पीडनं हळू फिरवून आणा. जोरात वळवू नका, तेव्हा मागे बार नाहीच असं समजा. आवाज गेला तर भानगड लिंक, बूश नाहीतर ब्रॅकेटमधे. राहिला तर बारचा संबंध नाही, शॉकअपचं वरचं माउंट बघा.

लिंकमधे काय बघायचं: अ‍ॅडजस्टेबल लिंकला मधे लांबी पक्की धरणारे लॉकनट असतात ते ढिले आहेत का, हातानं फिरवून बघा. बॉलजॉइंटचा नट कसताना आतला स्टड सोबतच फिरतो, तो एलन की नाहीतर दुसऱ्या पान्यानं धरावा लागतो, आपल्याकडे नट कसायची गन मारून मोकळे होतात, नट घट्ट वाटतो पण जॉइंट दाबलेलाच नसतो, वरून रबरी बूट पिळून फाटते ते वेगळं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लांबी गाडी चाकांवर उभी असताना सेट करायची, चार खांबी लिफ्टवर किंवा पिटवर. जॅकवर चाकं लटकत ठेवून कसलं आणि दोन लिंकची लांबी वेगळी निघाली तर सपाट रस्त्यावर उभ्या गाडीतही बार पिळलेला राहतो, मग डाव्या आणि उजव्या वळणात गाडी वेगवेगळी वागते. तुमची वागते का?

बार एका बाजूला सरकून कशाला लागत तर नाही ना तेही बघा, बूशच्या शेजारी बारचा रंग घासलेला दिसेल. सरकत असेल तर लॉक कॉलर लावतात.

गणेशपेठ_गियर:
ग्रीस भरा बूशमधे, काम तमाम. माझ्या स्विफ्टले बेअरिंगचं ग्रीस भरलं होतं, सहा महिने आवाज नाही.

तेराचा_पाना:
स्विफ्टचे बूश रबराचे आहेत, पेट्रोलियम ग्रीसनं रबर फुगते, सहा महिन्यांनी काय झालं ते नाही सांगितलं. पॉलीबूशला सिलिकॉनवालं चिकट ग्रीस लागते, पाण्यानं धुऊन जात नाही असं. पण इथे आवाज बूशचा वाटतच नाही, वर लिहिलं आहे.

गणेशपेठ_गियर:
नंतर गाडी विकली.

टर्बो_सावजी:
आन् हा बार टाकून गाडी कडक नाही का झाली? कॉइलओव्हर घे, सेटिंग आपल्या हातात.

तेराचा_पाना:
दोन्ही चाकं सारखी उचलली तर बारनं कडकपणा वाढत नाही, एक चाक उचललं तर वाढतो. कंपनीचा बार २० मिमीचा होता असं धरून २४ चा टाकला तर कडकपणा जवळपास दुप्पट होतो, व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो तो. वरून बारला लिंक लावायची भोकं वेगवेगळी. लिंक बारच्या टोकाकडच्या भोकात असेल तर सॉफ्ट, बारच्या वाकाकडच्या आतल्या भोकात घेतली की दांडा आखूड आणि बार आणखी कडक. दांडा २० सेंटीमीटरचा १८ झाला तर साधारण २३ टक्के. आरएस_धरमपेठ, तुमची लिंक कुठल्या भोकात आहे?

वकीलबाबू_सदर:
या सगळ्यात कायद्याचं कोणी बोलून नाही राहिलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, गाडीत बदल करण्याबद्दलचं. जानेवारी २०१९ मधे सुप्रीम कोर्टानं सांगितलं आहे की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालणार नाही. अपघात झाला आणि इन्शुरन्सवाल्यानं गाडी उचलून पाहिली तर?

टर्बो_सावजी:
गाडी उचलून बार मोजणारा सर्व्हेअर अजून पैदा व्हायचा आहे.

वकीलबाबू_सदर:
क्लेम अडकला की कळेल. मी फक्त सांगितलं.

पोलो_मनीषनगर:
माझ्याकडे पोलो जीटी टीएसआय आहे, मागे असाच बार टाकता येईल का? बजेट ८ हजार.

तेराचा_पाना:
पोलोला मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच पिळणारा आडवा बीम) आहे, त्याचा बार बीमलाच बोल्ट होतो, प्रकार वेगळा. वेगळा धागा काढा, इथे आधीच खिचडी झाली आहे.

टॉर्क_कोथरूड:
टायरचं उत्तर अजून आलं नाही.

आरएस_धरमपेठ:
टायर मागच्या वर्षीचे आहेत, अलाइनमेंट बार बसवल्यावर लगेच केलं होतं. आता पुढचं ऐका. हिंगणा रोडला एक जण ओळखीतून मिळाला, त्याच्याकडे चार खांबी लिफ्ट आहे. पाना भाऊंनी सांगितलं तसं दोन्ही लिंक सोडून त्रिमूर्तीनगरच्या गट्टूच्या गल्लीतून फिरवली, आवाज गायब! उजवी लिंक हातात घेतली तर मधला लॉकनट बोटानं फिरून राहिला होता, आणि ती डावीपेक्षा चांगली नखभर लांब होती. लिंक टोकाच्या भोकात, म्हणजे सॉफ्टच आहे. डाव्या वळणात गाडी थोडी जास्त फिरायची ते मला वाटायचं माझाच भास आहे. गाडी चाकांवर उभी ठेवून दोन्ही लांब्या सारख्या केल्या, लॉकनट कसले, बॉलजॉइंटचे नट नवीन नायलॉनवाले टाकले आणि टॉर्क रेंचनं लावले. सगळे मिळून ९०० रुपये. आवाज शून्य. बायको म्हणते आता म्युझिक सिस्टीमचा आवाज येते.

सेमिनरी_हिल्स_वाला:
मस्त. मी म्हणणारच होतो लिंक असेल.

डिझेलकाका:
जंपिंग रॉड म्हणालो होतो मी पहिल्याच दिवशी.

तेराचा_पाना:
छान. थोडं चालवून झालं की लॉकनट पुन्हा एकदा तपासा, आणि पावसाळाभर सॉफ्ट भोकातच राहू द्या. मागचा बार कडक असला की ओल्या रस्त्यावर वळणात अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर मागची बाजू फिरते. पहिल्या पावसात उन्हाळाभराचं ऑइल-धूळ वर येते, तेव्हा तर सांभाळूनच. वळणात मागचं आतलं चाक हलकं होते, कधी उचलतेही, त्याला घाबरू नका, मागे कडक बार असलेल्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांत होते ते.

आरएस_धरमपेठ:
सगळ्यांचे आभार. आता १४ हजार उरलेच आहेत तर मी पुढचा पण बार घेऊन राहिलो, व्हाइटलाइन कंपनीचा, एकाकडे वापरलेला आहे, १९ हजार म्हणाला होता, १७ पर्यंत येईल.

तेराचा_पाना:
कशाला?? तुमची तक्रार नाक बाहेर जायची होती. मागे जाड बार टाकून ती गेली. पुढे जाड टाकला की पुढच्या टायरांवर पुन्हा भार, नाक परत बाहेर, आणि वळणातून निघताना आतलं पुढचं चाक रिकामं फिरणार. शिवाय पुढचा बार काढायला सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) खाली घ्यावी लागते, नंतर अलाइनमेंट आलंच. हे ९०० रुपयांचं काम नाही.

टॉर्क_कोथरूड:
पाना सरांशी सहमत. त्या पैशात टायर प्रेशर मोजायचा चांगला गेज घ्या आणि उरलेले ठेवून द्या.

टर्बो_सावजी:
मी तं अजूनही म्हणतो कॉइलओव्हर.

आरएस_धरमपेठ:
ऐकलं सगळं, पण पुढचा बॉडी रोल मला अजून जाणवते आणि मनात आलं आहे तर आता होऊ देतो. मागचा आणखी एका भोकानं कडक करीन, मग बॅलन्स राहीलच ना. बजेटबद्दल बोलू नका, मलाच माहीत आहे.

तेराचा_पाना:
बरं. मग निदान सबफ्रेमचे बोल्ट नवीनच मागवा, ते टॉर्क देऊन वरून डिग्रीत फिरवायचे असतात, एकदा ताणले की परत वापरायचे नाहीत. हिंगण्याच्या त्या माणसाला आधी विचारा त्याच्याकडे बोल्टचे आकडे आहेत का, नसतील तर गाडी उचलूच देऊ नका. आणि दोन्ही बदल एकाच दिवशी करू नका, नाहीतर काय बिघडलं ते कोणालाच कळणार नाही.

डिझेलकाका:
झालं सगळं की मन भरून विकायची असेल तर सांगजो. पोराले पाहिजे आहे, पण बार काढून.