मदत हवी आहे: 'नियोजन', 'तरतूद' आणि 'बेगमी' यांपैकी कोणता शब्द कुठे वापरावा?

नमस्कार.

एका महिला बचत गटासाठी घरखर्चाविषयीची छोटी पुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. मुळात 'प्लॅनिंग' हा शब्द जवळजवळ प्रत्येक पानावर येतो आणि पहिल्या खर्ड्यात मी सगळीकडे 'नियोजन' लिहून मोकळा झालो. गटातील एका ज्येष्ठ बाईंनी तो वाचून विचारले, "हे सरकारी पत्रक आहे का?"

त्यांचे म्हणणे मला पटले. 1950 मध्ये स्थापन झालेला नियोजन आयोग, जिल्हा नियोजन समिती, कुटुंब नियोजन अशा वाटेने आलेला हा शब्द अजून कचेरीतच अधिक रमतो. 'योजना' घ्यावी, तर तिचा अर्थ आता सरकारकडून मिळणारा लाभ असाच झाला आहे; योजनेचा फॉर्म भरतात, योजनेचे पैसे खात्यात जमा होतात. 'आराखडा' म्हटले की कागद आणि नकाशा डोळ्यांपुढे येतो. 'बेत' घरातला आहे, पण "आज काय बेत?" या प्रश्नाला उत्तर बहुधा स्वयंपाकघरातून येते. 'मनसुबा' तर वर्तमानपत्रांत उधळला जाण्यापुरताच उरला आहे, आणि 'पूर्वनियोजित' या शब्दाला 'कट' इतका चिकटला आहे की लेकीच्या शिक्षणाच्या खर्चासाठी तो वापरवत नाही.

खरी अडचण 'तरतूद' आणि 'बेगमी' यांच्याविषयी आहे. दोन्ही शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आले. पहिल्याच्या मुळाशी असलेला अरबी 'तरद्दुद' हिंदी-उर्दूत काळजी, विवंचना या अर्थाने येतो, तर दुसऱ्याच्या मुळाशी 'बे-गम', म्हणजे निश्चिंत, हा शब्द आहे. एकाच कामाकडे एक शब्द चिंतेच्या बाजूने आणि दुसरा चिंता मिटल्याच्या बाजूने पाहतो, हे मला फार आवडले. पण व्युत्पत्ती आवडली म्हणून वापर ठरत नाही.

माझ्या कानाला असे वाटते की 'तरतूद' पैशाची आणि 'बेगमी' वस्तूंची. कोकणात आगोटीच्या आधी तांदूळ, सुकी मासळी, आमसुले, पापड आणि जळण भरून ठेवतात ती पावसाळ्याची बेगमी. गोव्यात त्याच साठवणीला पोर्तुगीजमधून आलेला 'पुरुमेंत' हा शब्द आहे. याउलट फीसाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला काढणे म्हणजे तरतूद. मात्र अर्थसंकल्पातील तरतूद आणि कायद्यातील तरतूद यांमुळे हाही शब्द कचेरीकडे झुकतो, आणि 'म्हातारपणाची बेगमी' असा प्रयोग मी पैशाच्या संदर्भातही ऐकला आहे, त्यामुळे माझी विभागणी डळमळते. शिवाय निवडणुकीच्या बातम्यांतील 'मतांची बेगमी' या प्रयोगामुळे शब्दाला थोडा वाईट वास लागला आहे का, अशीही शंका आहे.

सध्या माझे वाक्य असे आहे: "दिवाळीच्या खर्चाची तरतूद श्रावणापासूनच सुरू करावी आणि वर्षाच्या धान्याची बेगमी उन्हाळ्यात करून ठेवावी." हे आपल्याला सहज वाटते का? वाचणाऱ्या बहुतेक जणी सातवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या आहेत, म्हणून 'बेगमी' त्यांना अनोळखी वाटेल की आजीच्या तोंडचा म्हणून जवळचा वाटेल, याचा मला अंदाज येत नाही. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातील सदस्यांनी आपल्याकडे वर्षाचे धान्य भरण्याला काय म्हणतात ते अवश्य सांगावे.

आणखी एक छोटी शंका. 'आगाऊ तयारी' हे शीर्षक व्याकरणाने बरोबर आहे, पण घरात मोठ्याने वाचले तेव्हा माझा पुतण्या हसला, कारण त्याला 'आगाऊ' हे विशेषण फक्त स्वतःबद्दलच ऐकायची सवय आहे. त्याऐवजी 'आधीची तयारी' चालेल, की त्याहून नेमका शब्द आहे? खर्डा पुढील आठवड्यात गटाकडे द्यायचा आहे.