मानेतला केज: 'टायटॅनियम कालबाह्य' असं सरसकट सांगू नका

वारणाकाठ
मणक्यांच्या धाग्यावर परवा पिंपळपान यांनी लिहिलं, "टायटॅनियम आता कालबाह्य. डॉक्टर टायटॅनियमचा केज घालतो म्हणाला तर उठा आणि दुसरा डॉक्टर गाठा. पीक म्हणजे पीकच." (केज म्हणजे मानेतली गादी किंवा मणका काढल्यावर त्या जागी आधाराला ठेवतात तो पोकळ ठोकळा; पीक म्हणजे PEEK नावाचं कणखर प्लास्टिक.) खाली एका ताईंनी विचारलं, "सासऱ्यांना तीन महिन्यांपूर्वी टायटॅनियमची जाळी बसवलीय, आता काढावी लागेल का?" ते वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

मी २२ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये टेक्निशियन होतो. दोन मणक्यांमधली एक गादी (डिस्क) काढून तिथे केज ठेवणं वेगळं आणि अख्खा मणका कोरून काढून ती पोकळी भरणं वेगळं. पहिल्यात पीकचा केज छान बसतो, वाद नाही. दुसऱ्यात मात्र बहुतेक वेळा जाळीच, म्हणजे टायटॅनियमची जाळीदार नळी, असायची. सर्जन सर ती नळी पोकळीशी मोजून कटरने कापायचे, टोकं घासायचे, आणि पेशंटच्याच मणक्याचा चुरा आत ठासून भरायचे. तो चुरा ओल्या गॉजखाली वाटीत जपणं माझं काम. एक तुकडा सक्शनमध्ये गेला तरी सर ओरडायचे, कारण जोड धरतो तो त्या चुऱ्याने, धातूने नव्हे.

जाळी धसते, हे खरं. तिची कड पातळ, सगळा भार तिच्यावर. हाड ठिसूळ असेल किंवा एंडप्लेट (मणक्याचा गादीकडचा कठीण थर) जास्त खरवडली गेली तर कड आत रुतते. पण दोन-तीन मिलिमीटर रुतून तिथेच हाड पक्कं जुळलेले पेशंट मी डोळ्यांनी पाहिलेत. उलट पीकला हाड नीट चिकटत नाही, भोवती तंतूंचा पापुद्रा धरतो. म्हणून तर पीकवर टायटॅनियमचा लेप द्यायला लागले. कालबाह्य वस्तूचा लेप कोण देईल?

पिंपळपान
माझं एकच वाक्य उचलून धागा काढलात, पुढचं वाचलंत का? माझं मानेतल्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधलं (सी-५ सी-६) ऑपरेशन झालंय, पीक घातलंय. सहा महिन्यांनी सीटी काढला तर केजच्या आत हाड भरलेलं मला स्वतःला दिसलं. शेजारच्या खाटेवरच्या काकांना जाळी होती. त्यांची फिल्म खिडकीशी धरली तर मधोमध धातूचा नुसता पांढरा झगमगाट. जुळलंय की नाही, रेडिऑलॉजिस्टलाही छातीठोक सांगता येईना. माणसाने दोन वर्षं धाकधुकीत काढायची का?

आणि ताठरपणाचं काय? टायटॅनियम ११० गिगापास्कलच्या (ताठरपणा मोजायचं एकक) आसपास, आपलं कठीण हाड फार तर २०, पीक ३ ते ४. हाडापेक्षा पाचपट ताठर वस्तू मध्ये ठेवली तर ती रुतणारच.

निळासावळा
मी मेकॅनिकलवाला. ११० हा आकडा भरीव टायटॅनियमचा. जाळी भरीव नसते, आणि थ्रीडी प्रिंट केलेला सच्छिद्र टायटॅनियम तर बराच नरम पडतो. धसण्यात टेकण्याचं क्षेत्रफळही तेवढंच महत्त्वाचं. स्टुलाचा पाय मऊ मातीत रुततो, पाट रुतत नाही, लाकूड दोन्हीकडे तेच. चीनमध्ये हायड्रॉक्सिअपटाइट (हाडातलं खनिज) आणि पॉलिअमाइड ६६ (एक प्रकारचं नायलॉन) मिसळून केलेले केज जाळीच्या जागी वापरलेत. त्यांचा ताठरपणा हाडाच्या जवळचा, एक्सरेत आतलं हाड दिसतं, आणि तिथल्या तुलनांमध्ये ते धसलेही कमी. पण हातापायांतली सुधारणा दोन्हींत जवळपास सारखीच.

हिशेबनीस
पीक की टायटॅनियम यावर भांडताय, बिलावर कोणी बोलत नाही! भावाच्या बिलात एकच ओळ होती: 'इम्प्लांट किट'. कोणता केज, किती स्क्रू, काही नाही. वस्तूच्या पाकिटावरचे कंपनी-नंबराचे स्टिकर मागितले तर चार दिवस या खिडकीवरून त्या खिडकीवर. हृदयाच्या स्टेंटच्या किमती सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये बांधल्या, गुडघ्याच्या त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. मणक्याने काय घोडं मारलं होतं? एप्रिल २०२० पासून एवढंच, की छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांवर वाढवायची नाही. मुळात छापतानाच फुगवली असेल तर?

वारणाकाठ
राग रास्त आहे, पण स्टिकरमागे दरवेळी लबाडी नसते. केज बंद पाकिटात आला तर स्टिकर असतो. केज जागेवर धरणाऱ्या स्क्रू-प्लेटचा सेट मात्र डीलरचा माणूस पेटीत घेऊन येतो, तो आमच्याकडे वाफेने निर्जंतुक (ऑटोक्लेव्ह) व्हायचा. त्यातल्या एकेका स्क्रूला स्टिकर कुठून येणार?

हिशेबनीस
म्हणजे शेवटी तुम्ही आतलेच! स्क्रूला स्टिकर नसेल तर स्क्रूची किंमत कशावरून लावली? माझ्या भावाने शेत गहाण टाकलं, त्याला हे उत्तर देऊन बघा.

वारणाकाठ
उत्तर नाही माझ्याकडे. वापरलेल्या वस्तूंचा कागद आम्ही थिएटरमध्ये भरायचो, तो फाइलमध्ये असतो. त्याची प्रत मागायला हवी होती. ती पेशंटला आपणहून दिली जात नव्हती, ही आमची चूकच होती.

माहेरवाशीण
माझ्या वडिलांना ना जाळी ना पीक. १९९८ साली कमरेचं हाड काढून मानेत बसवलं. तेच सर्वांत उत्तम, असं अजूनही काही जण छातीठोकपणे सांगतात. मान सुधारली, पण कंबर कायमची गेली. धोतराची गाठ बरोबर त्या टाक्यावर यायची, म्हणून शेवटी पायजमा घालायला लागले. मांडीची बाहेरची बाजू बधिर झाली ती झालीच. आणि हाड जुळायला वर्ष लागलं, कारण बिडी सुटली नाही. डॉक्टर दर खेपेला बजावत होते. तुम्ही सगळे केजवर इतकं लिहिलंत, तंबाखूवर एक ओळ नाही!

पिंपळपान
तंबाखूचा मुद्दा मान्य. वारणाकाठ, "उठा आणि दुसरा डॉक्टर गाठा" हे मागे घेतो, तिकडे जाऊन वाक्य खोडलं आहे. मणका काढायच्या ऑपरेशनचा विचार मी केला नव्हता. पण फिल्मवर जोड दिसणं ही चैन नव्हे, गरज आहे, यावरून मी हलणार नाही.

वारणाकाठ
हलू नका. एका गादीसाठी मीही पीकच म्हणेन.

सून_इचलकरंजी
तो प्रश्न माझाच होता. काल रिपोर्ट आला, जाळी ३ मिलिमीटर खाली सरकलीय असं लिहिलंय. सासरे म्हणतात हात-पाय बरे आहेत. शुक्रवारी दाखवायला जायचंय, फार भीती वाटते.

वारणाकाठ
ताई, ऑपरेशननंतर लगेच काढलेला एक्सरे सोबत न्या, नुसता रिपोर्ट नको. दोन्ही फिल्म शेजारी ठेवल्या की सरकणं थांबलंय की चालूच आहे ते सरांना दिसेल. प्लेटचे स्क्रू सैल झालेत का तेही विचारा. आणि जायच्या आधी सासऱ्यांना शर्टाची बटणं स्वतः लावू द्या, अंगणात चालू द्या, तुम्ही बाजूला उभं राहून बघा. बोटं अडखळत असतील किंवा तोल जात असेल तर शुक्रवारची वाट बघू नका, आजच फोन करा.