हेड हेवी रॅकेटला ‘डोईजड’ म्हणावं का?

पार्क चौक
मी सोलापुरात संध्याकाळी दहा-बारा वर्षांच्या मुलांना बॅडमिंटन शिकवते. बहुतेक मराठी शाळेतली. काहींच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड. पालक दुकानात जातात आणि सगळ्यात महाग ती चांगली म्हणून उचलून आणतात, मग पोराचा खांदा दुखतो. म्हणून एका पानाचा मराठी तक्ता करायला घेतला. वजनाचं सोपं होतं: ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू ८० ते ८४, ५यू ७५ ते ७९. पुढं ‘हेड हेवी’ आलं, म्हणजे जिचा भार मुठीपेक्षा जाळीच्या टोकाकडं जास्त ती. मी सरळ ‘डोईजड’ लिहिलं. एका मुलीच्या आजोबांनी तिथंच अडवलं, “बाई, माणूस डोईजड होतो, वस्तू होत नाही.” आमच्या घरी तर पाण्याच्या घागरीला डोईजड म्हणायचे, मला पक्कं आठवतंय. कोण बरोबर? आणि शाफ्ट, म्हणजे मुठीवरची दांडी, कमी वाकणारी असली की ‘स्टिफ’ म्हणतात, त्याला ताठ, ताठर की कडक? ‘फील’ची जागा तर अजून कोरीच आहे.

जुना मास्तर
आजोबाही बरोबर, तुमची घागरही बरोबर. डोईला जड झालेलं ते डोईजड. वाहणाऱ्याला ओझं पेलेना, हा मूळ अर्थ. हाताखालचा माणूस वरचढ झाला तरी तेच म्हणतात. तुम्हाला मात्र ‘जिची डोई जड आहे ती’ असं म्हणायचंय. तत्पुरुषाचा शब्द तुम्ही बहुव्रीहीला जुंपलात. कान तिथं अडतो.

चाळीस नंबर
मॅडम, आकड्याचं सोपं गेलं म्हणता, पण पालक तिथंच गोंधळतात. आकडा वाढला की वजन कमी, हे दुकानात कुणी सांगत नाही. आमच्या मागावाल्या घरांत मात्र सांगावं लागणार नाही. वीस नंबरचं सूत जाड, चाळीसचं बारीक. एका पौंडात ८४० वाराच्या किती लडी बसतात, तो नंबर. तक्त्यात एक ओळ टाका: ‘यूचा आकडा सुताच्या नंबरासारखा वाचा.’ अशोक चौकापासून विडी घरकुलापर्यंत सगळ्यांना कळेल.

कडक लिहू नका. आपली कडक भाकरी वाकत नाही, मोडते. स्टिफ शाफ्टसुद्धा वाकतो, फक्त कमी वाकतो आणि चटकन सरळ होतो. माझा पुतण्या तसल्या रॅकेटला ‘लई गट्टी’ म्हणतो. तेलुगूत गट्टी, कन्नडमध्येही गट्टी, म्हणजे टणक. मराठी ‘घट्ट’ तिथूनच आला असं माझं मत आहे.

जुना मास्तर
मत असू द्या, पण संस्कृतात ‘घट्ट्’ धातू आहे. आणि मराठी मुलाला गट्टी म्हटलं की कट्टीच्या उलटं आठवेल.

चाळीस नंबर
सर, तो संस्कृतातला धातू तरी कुठून आला? दक्षिणेकडून काही उचललंच नाही, असं कसं म्हणता येईल? आणि गट्टी जमते म्हणजे मैत्री घट्टच होते ना.

वैरागचा
डोईजडवर परत येतो. आमच्याकडं बैलगाडी भरताना दोन गोष्टी बघायचे. माल पुढं जास्त झाला की गाडी ‘धुरंला जड’, बैलांच्या मानेवर भार. मागं जास्त झाला की गाडी उलाळ, जू वर उचललं जातं. एकूण माल तेवढाच, फरक फक्त कुठं भरला याचा. हेड हेवी म्हणजे नेमकं हेच. मग ‘धुरजड’ का नको?

पार्क चौक
हे फार आवडलं! ८३ ग्रॅमच्या दोन रॅकेट बोटावर आडव्या धरल्या की एक मुठीच्या टोकापासून साधारण २८५ मिलिमीटरवर तोलते, दुसरी २९५च्या पुढं. काट्यावर सारख्या, हाताला वेगळ्या. पण दादा, रॅकेटची धूर कुठली? ओढणारे बैल म्हणजे आपला हात. मग भार हातापासून लांब गेला तर ती उलाळ झाली ना!

वैरागचा
खरंय. उलटं झालं. पण ‘उलाळ रॅकेट’ म्हटलं तर आमच्या गावात मोडकी समजतील.

काठीवाला
सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, पेलणाऱ्यांच्या घरातला आहे. काठी जड आहे याची तक्रार कुणी करत नाही. भीती असते ती झोक जाण्याची. तोल कमरेपाशी धरायचा आणि झोक कुठं चाललाय ते अंगानं ओळखायचं. म्हणून मी लिहिलं असतं, ‘झोक पुढं असलेली’, ‘झोक मुठीकडं असलेली’ आणि ‘समतोल’. ‘फील’ला शब्दच शोधू नका. रॅकेट हाताला कशी लागते, एवढं पुरे. आमचं पोरगं अर्ध्या तासानंतर म्हणतं, “जड लागलालीय की बे, हात भरून आला.” हाच फील.

गटिंगवाला
दुकानात बसणाऱ्याचं ऐका. एकही गिऱ्हाईक ‘झोक मुठीकडं’ मागणार नाही. हेड हेवी, हेड लाइट, स्टिफ, फ्लेक्स हेच मागतात, पाचवीतली पोरंसुद्धा. मराठीत लिहून त्यांना दुकानात मुकं करू नका. त्यापेक्षा हे लिहा की हाताला वेग नसेल तर स्टिफ शाफ्ट काही देत नाही, शिकणाऱ्यानं ४यू किंवा ५यू, लवचीक शाफ्ट आणि समतोल घ्यावी. शब्द दुय्यम आहे.

जुना मास्तर
दुय्यम नाही. ‘धावचीत’ आज सगळे बोलतात. तो रुजला कारण ‘चीत’ कुस्तीच्या आखाड्यातून आधीच तोंडात होता. ‘महापौर’ सावरकरांनी दिला तेव्हा कुणाच्या तोंडात होता? तरी रुजला. तुम्ही वापरणारच नाही म्हटलंत तर कसा रुजेल?

गटिंगवाला
मास्तर, रॅकेटला तार ओढून देण्याला आम्ही ‘गटिंग’ म्हणतो, तो शब्द कोणत्या मंडळानं दिला? गट म्हणजे आतडं. आता सगळी नायलॉनची तार, तरी लोक गट तुटली, गटिंग करून द्या म्हणतात. साहेबालासुद्धा हा शब्द समजणार नाही इतका तो आपला झालाय.

जुना मास्तर
आतड्याच्या दोरीला मराठीत ‘तात’ आहे, पिंजाऱ्याच्या धनुकलीची. लाकडी रॅकेट चौकटीत आवळून ठेवायच्या काळात मी वडिलांच्या तोंडून ‘रॅकेटची तात’ ऐकलंय.

चाळीस नंबर
तात, ताण, ताणा, सगळे एकाच घरचे दिसतात. मागावरचा ताणा ढिला पडला की कापड बिघडतं, तसंच जाळीचं. आणि शटलचं बघा, ते तर सरळ मागावरून उठलेलं! इकडून तिकडं फेऱ्या मारतं म्हणून इंग्रजीत मागाच्या शटलचंच नाव त्याला पडलं. आपण मात्र ‘फूल’ म्हणतो. सोलापुरात तरी धोटा म्हणायला हवं होतं.

वैरागचा
फूलच बरं. सोळा पिसं फुलासारखी उघडलेली असतात. धोटा दोन्ही टोकांनी निमुळता.

काठीवाला
आमच्या आळीत ‘कॉक’ म्हणायचे, फूल फक्त प्लॅस्टिकच्याला. दुसरीकडं काय होतं?

पार्क चौक
तक्ता शनिवारी छापायला द्यायचाय. ‘हाताला कशी लागते’ घेतलं. ‘ताठ’ घेतलं. हेड हेवीपुढं पेन्सिलीनं ‘झोक पुढं’ लिहून ठेवलंय आणि शेजारी प्रश्नचिन्ह. आमच्याकडं पिसांच्यालाही फूलच म्हणायचे, काठीवाले दादा.